मागचं पुसट करणारी काच

— नाही नाही, बसा हो अण्णा, मी सरकतो. बाकडं काय माझ्या बापाचं आहे? दुकानदाराचं आहे, आणि दुकानदार आत आमच्या श्रीकांतला शेंडी लावण्यात गुंतलाय, त्याला बाहेरचं दिसायचं नाही. श्रीकांत म्हणजे माझा मुलगा — तो काय, दारातून दिसतो की, चष्मेवाला, तान्ह्या पोरासारखा कॅमेरा धरून उभा आहे तो. सकाळी रायापूरहून निघालो, हुबळीतलं हे तिसरं दुकान. पहिल्यात म्हणाले, रीळवालाच घ्या, खरा फोटो त्यातच. दुसऱ्यात म्हणाले, रीळ आता मेलं, डिजिटल घ्या. ह्यानं त्या दोघांनाही वेड्यात काढलं आणि आमच्यापुढं चहा ठेवला — चहा आला तेव्हाच ओळखलं मी, कापणार तो हाच.

आणि काय हो, कॅमेरा मागितला तर म्हणतो, बॉडी वेगळी, काच वेगळी! जन्मभर मी धारवाडच्या बाजारात दोरखंड विकले. गिऱ्हाइकानं दोर मागितला, दोर दिला; पीळ वेगळा घ्यावा लागेल असं कधी म्हटलं नाही. मग काचेपुढं लावायची दुसरी काच. तिच्यावर झाकण. मग तीन पायांची घोडी — कशाला, तर हात हलू नये म्हणून. हात माझा हलतो, फोटो तो काढणार! आणि एवढं सगळं ठेवायला पिशवी — अशी पिशवी, की आमची घरची तिच्यात आठवड्याचा बाजार आणेल.

हौशी आहे म्हणता? कुठला हो! शाळामास्तर. स्वतःच्या लग्नाचा आल्बम कपाटावर पडलाय, त्यात झुरळं संसार करतात. फोटोचं कधी नाव काढलं नाही, आणि आता एकाएकी — अप्पा, तुमचा एक चांगला फोटो हवा. म्हणाला, स्टुडिओत चला. मी म्हटलं, नाही येत, तिथं मागच्या पडद्यावर ताजमहाल असतो, माझं तोंड बघून आतली बाई उठून बसेल. म्हणून हा कॅमेरा. आणि हे खूळ कधीपासून? देशपांडे नगरच्या डॉक्टरकडून आल्यापासून. डॉक्टर मला म्हणाला, सगळं छान आहे आजोबा, तुम्ही बाहेर बसा — आणि ह्याला आत थांबवलं. छान असलं तर कुणी कुणाला आत थांबवतो होय? बाहेर आला तो डोळे पुसत. म्हणाला, फिनेलचा वास फार आहे इथं. मी म्हटलं, हौदप्पा, होय बाबा, फार आहे. एवढं शिकलं पोर, खोटं बोलायचं तेवढं राहून गेलं.

असू दे. तर आता भाव चाललाय तो एका काचेचा — चेहरा लख्ख, मागचं सगळं पुसट, असली काच. दुकानदार तिच्यातून माझ्याकडं बघत होता — हनुवटी वर, आजोबा, अस्सं! मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा इतकं निरखत नाहीत. मी विचारलं, मागं घरची उभी असली तर? म्हणाला, त्याही पुसट. घ्या! लग्न झाल्यापासून बाई माझ्या मागं उभी आहे, मी जेवताना, मी तापात असताना — आणि पैसे मोजून तिला पुसायची!

म्हणून मी ठरवलंय — श्रीकांतला बोलू नका हं — फोटो काढायचा तर दोघांचा. शेजारी शेजारी, एका बाकावर. एकट्याचा नाही, मेलो तरी नाही. का, विचारा की. अहो, फोटोतलं एक माणूस जिवंत असलं तर त्याला हार घालतात का? तिच्याही गळ्यात पडेल की तो! जो घालेल त्याच्या तोंडात मारतील लोक. म्हणजे हार नाही, उदबत्ती नाही, नुसता फोटो. सकाळी उठून ती बघेल, वाटेल, बसलेत आपले. तिला कुणी काही सांगितलेलं नाही अजून. ती खुशीत आहे — माझं धोतर नीळ घालून वाळवलंय, म्हणते, श्रीकांतला उशिरा का होईना, हौस आली.

काय म्हणालात? — तुमचाच स्टुडिओ? अरे वा. — कॉम्प्युटरवर? म्हणजे दोघांतला एक बाजूला काढता येतो? कात्री न लावता? — आणि तिच्या जागी काय येतं? — भिंत. हं. — आणि लोक येतात असलं काम घेऊन? रोज! शाबास. एनप्पा, काय एकेक धंदा निघालाय. बाई पुसून भिंत बांधून मिळेल.

बरं, मग असं सांगा — हात धरला असेल तर? तिचा हात माझ्या हातात, बोटांत बोटं अडकवून — तोही निघतो? सगळा? — आता मान का खाजवताय? — धरला नाही हो कधी, लोकांत तर नाहीच; श्रीकांतसमोर धरला तर लाजेनं स्वयंपाकघरात पळेल ती. पळू द्यायची नाही. धरणार मी. घट्ट धरणार. मग काढा म्हणावं तिला — माझ्या मांडीवर तिची चार बोटं उरतील, बांगडी उरेल, घाला त्यांना हार —

गप्प, गप्प. आला तो.

झालं का रे श्रीकांत? घेतलीस? दाखव. छान आहे. — नाही रे, कुठं कुणाशी बोलतोय? हे होय? मला काय माहीत कोण ते. चल, बस चुकेल.