धर्माचं वजन

सांगा, विश्वास माणसावर ठेवावा की तराजूवर? पनवेलच्या माझ्या दुकानात भात घ्यायची वजनं जड आणि विकायची हलकी, असे दोन संच होते. मला भात विकणारा शेतकरी धर्मा नुकताच बॉक्सिंग शिकत होता. म्हणाला, “शेट, मला तोला. हलक्या गटात बसलो नाय तर मेलोच!”

सवयीने माझ्या हाताला घ्यायचीच वजनं लागली. धर्मा हलक्या गटात आरामात बसला.

मुंबईला सामन्याआधी तिथल्या काट्यावर मात्र तो सहा शेर जादा भरला. पंचांनी त्याला वरच्या गटातल्या रेड्यासमोर उभं केलं.

सुजलेल्या जबड्याने येऊन त्याने एवढंच विचारलं, “शेट, आमचा भातपण याच वजनांनी तोलता ना?”

तेव्हापासून संच एकच. तुम्हीही हिशेब खरा ठेवा हो, फसलेला माणूस आता बॉक्सिंग शिकलेला असतो.