उपरण्याखालचा हात

खण्... खण्... खण्... तीस वर्षं झाली, मंडळी, अजून कानातून जात न्हाई! आता तुमीच सांगा, वसमतच्या बाजारात ऐकलेली घंटी जपानात, चौथ्या मजल्यावर, काहून वाजावी?

मी वसराम, तसा कमी बोलणारा माणूस, पण आज अडवू नका. तुमाला सांगतो, डोंगरकड्याच्या बाजूला आमचा तांडा, जन्मभर जनावरांची दलाली केली, अन् आमचा सौदा तोंडानं न्हाई, उपरण्याखाली! बोट दाबलं की भाव, मूठ मिटली की सौदा मोडला, बाजूच्याला पत्ता न्हाई. अन् त्या दिवशी बाजूला कोण? माझाच प्रेमदास, नऊ वर्षांचा, हातानं चारलेल्या, कपाळावर पांढरा चांद असलेल्या कालवडीचं दावं धरून उभा! मी बोटं दाबली, कालवड विकली, लेकराला कळलंच न्हाई... कळलं तवा कालवडीच्या गळ्यातली घंटी गर्दीकडं चालली होती. घेणाऱ्यानं ओढलं तरी पोरगं दावं सोडेना, तळहात सोलला. तवापासून माझ्याशी 'व्हय' अन् 'न्हाई', बस्स! शिकला, जपानला गेला, मला बोलावून बी घेतलं, पण बोलणं तेवढंच. परतायला एकच दिवस उरला, अन् 'चुकलं माझं' एवढं म्हणायला माझं तोंड उघडेना.

त्या दिवशी म्हणतो कसा, "चला बा, टोकियोतला अकिहाबारा बाजार दाखवतो. रेडिओ, कॉम्प्युटर, बाहुल्या, सगळं मिळतं." एवढं लांब वाक्य! मला गहिवरूनच आलं.

पण बाजार म्हणावं का त्याला? दार बोलतं, जिना बोलतो, भिंतीवरची पोरगी डोळा मारते, अन् माणसं मुकी! एका दाराशी पोरगी उभी, मी म्हणलं, "राम राम, माय." बघून राहिली, पण पापणी हलेना... बाहुली! पुढं झालरीच्या फ्रॉकातली दुसरी. आता मी फसतो व्हय? जन्माची सवय, दात पाहायला वाकलो, तर ती हसून कमरेत वाकली! मी दचकून वाकलो, ती वाकली, मी परत वाकलो... "बा, चला." खरं कोण, खोटं कोण, कसं वळखावं?

एका दुकानाच्या चौथ्या मजल्यावर तर आमची सावलीच पडत न्हवती. चारी अंगांनी उजेड, काचेत शेकडो बाहुल्या, अन् सगळ्यांच्या माना एकाच बाजूला. मी तिकडं पाहिलं... खण्! फळीवर कालवड. हातभर उंच, यंत्राची, पण अंग कोमट, पोट खालीवर, कपाळावर तोच पांढरा चांद. तिनं मान वळवली. माझ्याकडं न्हाई, प्रेमदासकडं! अन् प्रेमदासची पापणी हलेना. अहो, खरं कोण, खोटं कोण?

म्हणलं, घेऊन देऊ पोराला, तीस वर्षांनी का होईना. दुकानदाराची भाषा येईना, म्हणून गळ्यातल्या उपरण्याचं टोक हातावर टाकून हात पुढं केला. खालून हात आला. बराबर! जगात सगळीकडं बाजार सारखाच... पण दुकानदाराचे दोन्ही हात तर समोर, टेबलावर! मग हा कोणाचा? लहान, गार, तळव्यावर दाव्याचा ओला वळ... मी भीत भीत बोट दाबलं. त्यानं मूठ मिटली. सौदा मोडला. जनावर विकायचं न्हाई!

टोक उचललं, तर खाली चाळिशीचा हात, घड्याळ घातलेला. माझ्या प्रेमदासचा. तोंड आपोआप उघडलं, "प्रेम्या, लेकरा, चुकलं माझं."

घंटी थांबली. प्रेमदासची पापणी हलली. मग उपरण्याचं ते टोक मुठीत आवळलं, वळला, अन् चालायला लागला. दुसरं टोक माझ्या गळ्यात! मग काय करता, मंडळी? गेलो मागं मागं, दाव्याला बांधल्यावानी... घंटी तेवढी बांधायची राहिली.