सोवळ्यातला उडता माणूस

तुम्ही हसाल, पण बेचाळीसच्या धरपकडीत आमचं घर वाचवलं ते विजारीवरून चड्डी घालणाऱ्या माणसानं!

हुबळी स्टेशनावर गोरे सोल्जर उडत्या माणसाची चित्रपुस्तकं टाकून जात. दाजीबानपेठेतल्या रद्दीवाल्याकडून मी ती आणायचो आणि अप्पांच्या धाकानं ट्रंकेत लपवायचो. अप्पा, माझे वडील, मामलेदार कचेरीत हेडक्लार्क.

एका सकाळी फौजदार दारात. "भूमिगतांची पत्रकं तुमच्या घरात आहेत म्हणे."

अप्पा पांढरेफटक पडले. शिपायांनी माझी ट्रंक उपसली. पुस्तकं त्यात नव्हतीच!

मग देवघर. माझी थोरली बहीण, अक्का, सोवळ्यात पाटावर जप करत होती.

"शिवायचं नाही हं!" ती कडाडली.

फौजदार उंबऱ्यावर थबकला. "त्या लाल फडक्यात काय आहे?"

"पोथ्या."

"सोडा."

अक्कानं सावकाश गाठ सोडली. माझीच पुस्तकं! फौजदारानं ताजा अंक उघडला. उडता माणूस साखळदंडात होता. अप्पा फौजदाराच्या तोंडाकडे बघत होते आणि मी मान वाकडी करून साखळ्या तुटतात का ते बघत होतो.

"एन्री इदु? हे काय हो?" म्हणत फौजदार खो-खो हसला, अंक काखेत मारून निघून गेला. अप्पांनी मला एक सणसणीत ठेवून दिली.

गाल चोळत मी विचारलं, "अक्का, माझी पुस्तकं इथं कशी?"

ती पाटावरून उठली. पाटाखाली पत्रकांचा गठ्ठा होता.

"अप्पांना सांगू नकोस," ती म्हणाली. "आणि पुढचे अंक जरा जास्त आण."