एक पाविया दिला, बास

नाही म्हणजे नाही! — कॉफी घे, तिनं काय घोडं मारलंय तुझं? व्हेलची कातडीही खा, चावून चावून खा, तेवढा वेळ तरी गप्प बसशील. कुत्री देते, स्लेज देते, हाकणारा दुसरा शोध. पाविया त्या डोंगराकडे येणार नाही. — काय नाव म्हणालास त्या डोंगराचं? कुठल्या तरी साहेबाचं! कधी आला होता तो इकडे? आमच्यात त्याला नावच नाही. आम्ही नावं माणसांना देतो, ती पुन्हा लागतात म्हणून.

हसू नकोस. बाहेर कुत्र्यांना सीलचं मांस टाकतेय ना, ती पाविया, माझी नात — आणि तोच माझा नवरा. थोरला पाविया तुझ्यासारख्याच चौघांना घेऊन त्या डोंगराखाली गेला, हिमनदी फाटली, स्लेजसकट आत. ते चौघे परत आले, हो, धडधाकट! त्याच हिवाळ्यात लेकीला मुलगी झाली, तिला आम्ही त्याचं नाव दिलं. नाव आलं की माणूस आलं. तान्ही होती तेव्हापासून मी तिला 'अहो' म्हणते. तिची आईसुद्धा तिला 'बाबा' म्हणते. चालायला लागली तशी त्याचा चाबूक तिच्या हातात दिला — आज अख्ख्या गावात तिच्यासारखी स्लेज कुणी हाकत नाही. मग? नवरा परत आला तर रडायचं कशाला? मी नाही रडले. एक टिपूस नाही. विचार गावात कुणालाही.

फक्त — तिला काही आठवत नाही. मी विचारते कधी कधी, अहो, पहिल्यांदा माझ्या बापाच्या दारात आलात तेव्हा मी काय फेकून मारलं होतं तुम्हाला? ती हसते, म्हणते, बूट. मासा होता रे. वाळलेला मासा, आणि तो तिथंच उभा राहून खात बसला होता मेला — माझ्याकडे काय बघतोस? कॉफी निवतेय तुझी.

काय? ती हो म्हणाली? कधी? कालच? आणि तू इथं बसून माझी कॉफी ढोसतोयस! — तोही असाच, आधी हो म्हणायचा, मग घरी सांगायचा. मला विचारून कोण गेलंय त्या डोंगराकडे! बरं, बरं. पण ऐक, तिच्या स्लेजवर मागे मी बसणार. वय? वय माझं आहे, तुला काय करायचंय त्याचं? या वेळी हिमनदी फाटली तर दोघं मिळून जाऊ. — ऊठ आता. माझ्या बुटांवर बसलायस.