लाईट आली तो दिवस

(जालना, मस्तगड. कडूबाच्या सायकल दुकानामागची खोली, सकाळची वेळ. त्याची थोरली बहीण द्वारकाबाई आणि तिची डॉक्टरकी शिकणारी लेक उर्मिला वाटूरहून, म्हणजे त्यांच्या मूळ गावाहून, जीप घेऊन त्याला न्यायला आल्या आहेत.)

द्वारकाबाई : मी काय म्हणून राह्यले, जीप दारात उभी हाय. चपला घाल अन् चल जल्दी. तिकडं सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत.

कडूबा : खोळंबू दे. मी येत न्हाई.

द्वारकाबाई : अरे, रखमाजीकाका गेला. त्याला पोरगं न्हाई. सख्खा पुतण्या तू एकटा. मडकं तू न्हाई धरायचं तर कोणी धरायचं?

कडूबा : जावई धरील. ज्याच्या घरातून आपली आई लेकरं घेऊन बाहेर पडली, त्याला मी अग्नी देऊ?

द्वारकाबाई : काढलं काकूनं. काका गप बसला.

कडूबा : गप बसला म्हंजे त्यानंच काढलं. तू जा, अक्का. तुझं येणंजाणं होतं. मला तर त्यानं कधी हातसुद्धा लावला न्हाई.

उर्मिला : मामा, आजोबा शेवटी शेवटी तुमचंच नाव घेत होते.

कडूबा : घेत असतील. मला त्याचं काय? मला बाप एकच, अन् त्याची आठवणबी एकच. त्याचा साधा फोटो न्हाई घरात. तेवढ्या एका आठवणीवर मी एवढा झालो बघ.

उर्मिला : कोणती आठवण?

कडूबा : गावात लाईट आली त्या दिवशीची. मारुतीच्या पारावर पहिला बल्ब लावला होता. ही गर्दी. मला काही दिसंना, म्हणून आबानं उचलून खांद्यावर घेतलं. मी कान धरले त्याचे. त्यानं म्हटलं, डोळे झाक. झाकले. उघड म्हटल्यावर उघडले, तर समदा पार पिवळाजर्द. मी भ्यालो तर हसला. वर बघून हसला. तेच तोंड माझ्या डोळ्यापुढं हाय. अक्का, असं काय बघून राह्यली?

द्वारकाबाई : लाईट आली तवा?

कडूबा : हां, मंग.

द्वारकाबाई : कडूबा, आबा दुष्काळात गेला. खडी फोडायच्या कामावर, उलट्या होऊन.

कडूबा : ते माहीत हाय मला.

द्वारकाबाई : लाईट त्याच्यामागून दोन वर्सांनी आली रे.

कडूबा : काहीबी बोलू नको.

द्वारकाबाई : लाईट आली त्या दिवशी आई मला म्हणाली, तुझ्या बापानं उजेड बघितलाच न्हाई. पदर तोंडात घालून रडली, मी तिच्याजवळ उभी होते. तू वर बसला होतास, तुझा पाय मी धरून ठेवला होता.

कडूबा : मंग खाली कोण होतं?

द्वारकाबाई : रखमाजीकाका.

कडूबा : न्हाई. बिलकुल न्हाई. मला बराबर दिसतंय. लाल सदरा होता माझ्या अंगात.

उर्मिला : मामा, एक विचारू? खांद्यावर बसलेला, लाल सदरा घातलेला पोरगा तुम्हाला दिसतो?

कडूबा : दिसतो की. पाय हलवून राह्यला.

उर्मिला : पण तो तर तुम्हीच. मग समोर उभं राहून बघतंय कोण?

कडूबा : आता हे काय नवं काढलं तू?

उर्मिला : तुम्हाला त्रास द्यायला नाही विचारत. मेंदू फोटो काढून ठेवत नाही, मामा. उजेड, वास, आवाज, माणसाचं तोंड असे तुकडे वेगवेगळ्या जागी ठेवतो. आठवलं की दर वेळी ते गोळा करून पुन्हा शिवतो, गोधडीसारखं. एखादा तुकडा नसला तर हाताशी असलेला दुसरा लावतो. आणि शिवलेलं तसंच परत ठेवून देतो. पुढच्या वेळी आपल्याला तेच खरं वाटतं.

कडूबा : म्हंजे एवढी वर्सं मी खोटं बोलून राह्यलो?

उर्मिला : खोटं नाही. तुमच्यासाठी ते तसंच घडलं होतं.

द्वारकाबाई : काकूनं काढल्यावर आपण आजोळी राहायचो, तवा तू रात्री रडायचास. मंग मी सांगायचे, आबा तुला खांद्यावर घेऊन मळ्यात जायचा. तेबी खरंच होतं. पण तू तवा लई बारका होतास, तुला काय आठवणार.

उर्मिला : त्या दोन्ही गोष्टी एकीत शिवल्या गेल्या. त्यात तुमच्या मनात काकांवर राग होता, मग तिथं काकांना कशाला जागा मिळेल?

कडूबा : थांब गं पोरी, जरा बसू दे मला.

द्वारकाबाई : पाणी पी.

कडूबा : तो हसला होता, अक्का. वर बघून. मला वाटायचं, बाप माझ्यावर खूश होता मरायच्या आधी. कोणी हिणवलं की मी तेच तोंड आठवायचो.

द्वारकाबाई : तो खूशच होता तुझ्यावर. दोघंबी होते.

कडूबा : मंग आईला काकूनं काढलं तवा का न्हाई बोलला तो?

द्वारकाबाई : ते मी न्हाई सांगू शकत. त्याचं चुकलंच. चुकलं ते खरं अन् खांद्यावर घेतलं तेबी खरं.

कडूबा : अन् त्यानं मला कधी हातसुद्धा लावला न्हाई, असं मी म्हणून राह्यलो. आताच म्हटलं तुझ्यापुढं.

द्वारकाबाई : तुला काय माहीत होतं.

कडूबा : अक्का, मंग आबाचं तोंड कसं होतं? ते तोंड काकाचं असलं तर माझ्याकडं बापाचं काहीच न्हाई उरलं. तू तर मोठी होतीस. सांग ना, नाक कसं होतं? हसायचा कसा?

द्वारकाबाई : आता कशाला ते? चल, उशीर होतोय.

कडूबा : सांग की.

द्वारकाबाई : मलाबी न्हाई आठवत रे. लई वर्सं झाली. मी वाटूरला कशाला जायचे वाटतं तुला? काकाकडं बघायचे अन् मनात म्हणायचे, असाच होता.

कडूबा : उर्मिला, डायवरला गाडी चालू करायला सांग. अक्का, त्यांनी तोंड झाकलं न्हाई ना अजून?

द्वारकाबाई : तू आल्याबिगर न्हाई झाकायचे.