एका हाताची कोथिंबीर

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका — पुढं बसलेले काका मान हलवायला लागले, थांबा जरा! प्रश्न असा, की देवाच्या दारी कुणी सेवेला आलं, तर आपण काय बघतो? त्यानं काम किती केलं ते बघतो. हातात काय धरलंय ते बघतो. पण तो हात कसा आहे, हे विचारायचं कुणी? देवानं? अहो, देवाला ठाऊकच असतं! ज्याला ठाऊक नाही त्यानं विचारायचं असतं. म्हणजे तुम्ही आणि मी.

ऐका तर. येरळा नदीच्या काठी एक गाव. नाव सांगत नाही, कारण तिथले दोघं-तिघं आज इथंच बसलेत! त्या गावात सप्ताहाची मोठी परंपरा, आणि सप्ताहाच्या मुदपाकखान्याचे राजे म्हणजे त्रिंबकअण्णा दुधाणे. अण्णांच्या हातची हिरवी चटणी ज्यानं खाल्ली, तो माणूस कीर्तनाला आला नाही तरी पंगतीला हजर! कोथिंबिरीच्या दहा जुड्या पुढं, हातात सुरी, आणि खट-खट-खट-खट! बघता बघता हिरवागार ढीग. इतका बारीक, की वाटायचं चाळणीतून चाळून काढलाय.

पण अण्णांचा एक कायदा होता. देवाच्या स्वयंपाकघरात यंत्र चालायचं नाही! मिक्सर नाही, काही नाही. "हातानं करायचं. घाम गाळायचा. नाहीतर घरी बसायचं!"

आता त्याच गावात गिरिजाक्का तोडकर. पन्नाशीची बाई, नवरा गेलेला, मूल नाही. अंगणवाडीत मदतनीस. पोरांना खिचडी वाढायची, भांडी घासायची. दरसाल सप्ताहात कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता निवडायला यायची. कमी बोलायची. एके वर्षी काय झालं, अक्कानं पिशवीतून एक वस्तू काढली. प्लॅस्टिकचा डबा, आत पाती, वर एक गोल मूठ. डब्यात कोथिंबीर घालायची, जमिनीवर ठेवायचा, वरून मूठ दाबायची, की झालं बारीक. चॉपर हो! तुमच्या घरी असेल. दिवाळीला घेतला आणि माळ्यावर ठेवला, तोच!

अण्णांनी तो उचलला. सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हे काय गं गिरिजा? बाहुलीचं लग्न काढलंयस का?"

सगळे हसले.

"देवाची चटणी करायचीय, भातुकली नाही! दोन हात दिलेत ना देवानं? मग ही थेरं कशाला?"

पुन्हा सगळे हसले. आणि मंडळी, खोटं बोलणार नाही — मी तेव्हा तिथंच भाकरी मोडत बसलो होतो. मीसुद्धा हसलो!

अक्कानं डबा पिशवीत घातला, उठली, गेली. पुढच्या वर्षी आली नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. गाव काय म्हणालं? "रुसली. फार मान लागतो बाईला!" जाऊन विचारलं कुणी? कुणीच नाही.

आणि मग श्रावण आला. सकाळची वेळ. अण्णा ओसरीवर चहा पीत होते. हातातली कपबशी निसटली. शेवंताकाकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, आतून ओरडल्या, "काय फोडलंत?" बाहेर येऊन बघतात तर अण्णा एका अंगावर कललेले, तोंड वाकडं, बोलता येईना. पक्षाघात! दवाखाना झाला, जीव वाचला, महिन्यानं घरी आले. पण उजवा हात — ज्या हातानं गाव जेवलं तो हात — मांडीवर नुसता पडून. ओल्या फडक्यासारखा.

अण्णा भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. काकूंना म्हणाले, जड जिभेनं, "सुऱ्या... उचल. दिसायला... नकोत."

एक दिवस काकू औषध आणायला गेल्या. घरात कुणी नाही. परसातली कोथिंबीर टोपलीत होती. अण्णांना राहवलं नाही हो! काठी टेकत उठले, सुरी शोधली, डाव्या हातात धरली. पण कोथिंबीर धरायला दुसरा हात कुठाय? पाट सरकला. जुडी उधळली. सुरी लांब जाऊन पडली. आणि हा पहाडासारखा माणूस जमिनीवर बसून पोरासारखा रडायला लागला.

नेमकी तेव्हाच दारात गिरिजाक्का! तब्येत विचारायला आली होती बिचारी.

तिनं काय केलं? "बघा, कसं झालं" म्हणाली? तुम्ही-आम्ही म्हणालो असतो! तोंडानं नाही तर मनात. ती खाली बसली. काड्या गोळा केल्या, धुतल्या, पंच्यावर पसरून टिपल्या. मग घरी जाऊन तो डबा घेऊन आली.

"अण्णा, याला एक हात पुरतो."

"तुला... काय ठाऊक?"

अक्कानं डावा हात पदराबाहेर काढला. "मानेतली शीर दबलीय. सहा वर्षं झाली. या हाताला पकड नाही. वाटी धरली तरी सुटते. दोन्ही हात चालत असते, तर कशाला आणला असता मी हा डबा?"

अण्णांनी विचारलं, "तेव्हा... का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, अण्णा."

मंडळी, एवढंच! शिवी नाही, शाप नाही. पण अण्णांच्या काळजात ते आरपार गेलं. हात जोडायला गेले, तर जोडायला दुसरा हात उठेना. अक्का म्हणाली, "राहू द्या ते. डबा दोन्ही गुडघ्यांत धरा आणि झाकण फिरवून उघडा."

अण्णांनी मूठ दाबली — जोर सगळा जुनाच! कोथिंबिरीचा काळा लगदा झाला. अक्का म्हणाली, "अहो, पाती आपलं काम करतात. तुम्ही नुसतं सांगायचं. थोडी थोडी भरा, हलकं दाबा." दुसऱ्या दिवशी जमलं. तिसऱ्या दिवशी गुरू शिष्य झाला आणि शिष्य लगेच गुरूला शिकवायला लागला! "देठं... आधी. पानं... मागनं." अक्कानं आणखी एक गंमत आणली. जुन्या डब्याचं पत्र्याचं झाकण, त्याला खिळ्यानं भोकं पाडलेली. झाकण दोन पायांत उभं धरायचं, कढीपत्त्याची काडी भोकातून घालून ओढायची — पानं इकडं, काडी तिकडं! ते बघून अण्णा हसले. शेवंताकाकू सांगतात, दुखण्यानंतर पहिल्यांदा हसले.

पुढं सप्ताह आला. अण्णा काठी टेकत मुदपाकखान्याच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी... मी एका बाईला... इथं हसलो. चुकलो." अक्काच्या हाताबद्दल अवाक्षर नाही हां! ते गुपित तिचं. अंगणवाडीत कळलं तर काम जाईल, ही भीती होती तिला.

पण अक्का स्वतः पुढं आली. डावा हात सगळ्यांसमोर धरला. "हा चालत नाही. म्हणून डबा आणला होता."

तेवढ्यात अंगणवाडी चालवणाऱ्या सुलभाताई उठल्या. अक्काचा चेहरा पांढराफटक. ताई म्हणाल्या, "गिरिजाक्का, मला चार वर्षं ठाऊक आहे. एका हातानं पातेली घासताना दिसत नाही होय मला? तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले. जड पातेली मी मुद्दाम आधीच विसळून ठेवत होते."

अक्का रडायला लागली. म्हणाली, "ताई, तुम्ही एकदा विचारलं असतं, तर मी चार वर्षं सुखानं झोपले असते की हो!"

ऐकलंत? हसणाऱ्यानं विचारलं नाही, आणि माया करणारीनंही विचारलं नाही!

मग काय झालं, कोपऱ्यातून एक म्हातारी बोलली, "माझे गुडघे धरतात. खाली बसवत नाही, म्हणून मी येत नव्हते." एक गृहस्थ म्हणाले, "मला जवळचं दिसत नाही, म्हणून तांदूळ निवडायला लाजतो." अहो, अर्धं गाव लाजेनं घरी बसलं होतं, आणि आपण म्हणत होतो लोकांत भक्ती राहिली नाही! त्या दिवशी मुदपाकखान्यात टेबल आलं, खुर्च्या आल्या. आणि चटणी? अण्णा सांगत होते, अक्का दाबत होती.

आता तुम्ही सांगा. उद्या काल्याचा प्रसाद आहे. सकाळी आठाला मागच्या पडवीत पुदिना आणि कोथिंबीर निवडायला बसायचंय. तुमच्या आळीतलं जे माणूस गेली दोन-तीन वर्षं आलं नाही, त्याच्या दाराशी उद्या येताना थांबा. "का येत नाहीस?" असं दरडावू नका. "येताना काय अडतं?" एवढं विचारा. आणि तुमचंच काही अडत असेल — हात, गुडघा, डोळा, मन — तर पदराखाली झाकू नका. विठ्ठलाचं नाव घ्या आणि शेजारच्याला सांगा. आत्ता सांगितलंत तरी चालेल. मी तोवर टाळ धरून थांबतो.