ओढ्याकडचं दार

(मेथडिस्ट चर्च, शनिवारची दुपार. उद्या चर्चचे अधीक्षक पाहणीला येणार आहेत; निवृत्त चित्रकला शिक्षक भाऊ त्यांच्यापुढच्या भाषणाची तालीम करतोय. थोरली ताई ऑर्गनवर बसली आहे.)

भाऊ : ...आणि म्हणून, आदरणीय अधीक्षकसाहेब, आमच्या पूर्वजांनी मुख्य दार मुद्दाम ओढ्याकडं ठेवलं. निसर्गाच्या सान्निध्यासाठी!

ताई : मुद्दाम?

भाऊ : बरं, जवळपास मुद्दाम.

ताई : चर्च बांधताना पणजोबांनी नकाशा उलटा धरला होता. अख्ख्या गावाला माहीत आहे.

भाऊ : गावाला आहे, साहेबांना नाही. मी जन्मभर पोरांना चित्राचा कागद सरळ धरायला शिकवलं, ताई! आता कोणत्या तोंडानं सांगू, की हा पराक्रम माझ्याच पणजोबांचा?

ताई : ज्या तोंडानं ‘सान्निध्य’ म्हणालास, त्याच.

भाऊ : मग दुसरं आहे काय दाखवायला? टोकदार कमानीचं एवढं देखणं दार, पण पायऱ्या उतरतात थेट पाण्यात. उघडलं तर बेडूक येतील आत. मनोऱ्याचा दगड त्या पायऱ्यांतच संपला, म्हणून घंटा अजून झाडाला. भिंती कोऱ्या.

ताई : मेथडिस्टांना कोऱ्याच लागतात. प्रवचन ऐकू यावं, गाणं घुमावं, बस्स.

भाऊ : वा! हे माझंच म्हणून सांगतो. पण साहेब तेवढ्यावर भाळायचे नाहीत गं. उद्या ते बघणार आणि ठरवणार, हे चर्च चालू ठेवायचं की कुलूप लावून आपल्याला शहरातल्या चर्चच्या मंडळीत घालायचं. मला खरंच भीती वाटते.

ताई : मग ती पुढची दारं दाखव.

भाऊ : ती दारं? भोकं आहेत ती! चूक कळल्यावर रस्त्याकडची भिंत फोडली, पाळक प्रवचन देतात त्या पुलपिटच्या डावी-उजवीकडं. जगात उशिरा येणारा मागून गुपचूप शिरतो. आपल्याकडं तो पाळकांच्या बगलेत उगवतो, सगळ्यांच्या समोर. मी माझ्याच लग्नात तसा उगवलो होतो. बुटाची नाडी लोंबत.

ताई : दोन्ही बुटांच्या. ऐक. तुझे दाजी गेले तेव्हा मी कित्येक महिने इकडं फिरकले नव्हते. मग एका रविवारी आले, तेही उशिरा. दार मागं असतं ना, तर शेवटच्या बाकावर टेकले असते आणि कुणी बघायच्या आत निघून गेले असते. पुन्हा आले नसते.

भाऊ : हे तू मला कधी बोलली नाहीस.

ताई : आत पाऊल टाकलं, तर समोर सगळे चेहरे. कुणी काही विचारलं नाही, गाणंही थांबवलं नाही. नुसता एक अख्खा बाक सरकला. मला रडू आलं. आणि बरं वाटलं रे, फार बरं वाटलं.

भाऊ : मी होतो?

ताई : होतास की. बेसूर. सगळ्यांत मोठ्यानं.

भाऊ : हे भाषणात घालू का?

ताई : नको. तू त्याला झालर लावशील.

भाऊ : लावीन खरा. मग भाषणच नको. घे, फाडलं. साहेबांना आणायला स्टेशनवर मलाच जायचंय ना?

ताई : हो. आणि निदान उद्या तरी वेळेवर जा.

भाऊ : जाईन वेळेवर. येताना लांबच्या रस्त्यानं आणतो. तुमचं पहिलं गाणं सुरू होऊ दे, मग पुढच्या दारानं त्यांना आत घेतो.